पेपर पोरांनी लिहिला, पास झाला जिल्हा



हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला गावात कोणी येईनासे झाले, की त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. रोग गेला, हा एक. रोग शोधणे थांबले, हा दुसरा. सरकारी कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्ही वेळा नव्या रुग्णांच्या रकान्यात शून्यच पडते. माझे म्हणणे एवढेच आहे की आपल्या जिल्ह्यांत पहिला अर्थ धरून चालायचे आणि दुसरा खरा ठरायचा, अशी तजवीज होऊ घातली आहे. ती वेळीच मोडली पाहिजे.

कापसाच्या भावाच्या बैठकीत डासाचे काय काम, असे काही जण विचारतील. कोरडवाहू शेतकऱ्याचे भांडवल काय असते ते आठवा. विहीर नाही, मोटार नाही, बँकेची पत नाही. आहेत ते दोन पाय. पेरणीपासून वेचणीपर्यंत, डवऱ्यामागे, निंदणाच्या ओळीत, चिखलात, हेच पाय चालतात. त्यातला एक सुजून खांबासारखा झाला, किंवा अंडवृद्धीने माणसाला बैलगाडीवर बसणे मुश्कील झाले, की घरातला कर्ता माणूस हंगामातून उठला. २००० साली शास्त्रज्ञांनी या रोगाने भारताचे वर्षाला होणारे नुकसान मोजले, तेव्हा ते सुमारे ८४ कोटी डॉलर निघाले. त्यातला मोठा भाग हा बुडालेल्या मजुरीचा, म्हणजे न झालेल्या कामाच्या दिवसांचा होता. ते दिवस कोणाचे होते हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

आणि हा रोग कोकणातला, समुद्राकाठचा, ही समजूत सोडून द्या. महाराष्ट्रात हत्तीरोगाच्या यादीत १८ जिल्हे धरले गेले. त्यात ठाणे, पालघर, सिंधुदुर्ग आहेत. पण नागपूर, वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हेही आहेत. नांदेड, लातूर, उस्मानाबाद म्हणजे आताचे धाराशिव, सोलापूर, जळगाव, नंदुरबार आहेत. हा नकाशा कापसाचा आणि ज्वारीचा आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या रोगाच्या निदानावर कित्येक वर्षे संशोधन झाले, ते उगाच नव्हे. रोगी दाराशी होते.

रोगाची रीत थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सारा वाद तिच्यावर आहे. सुतासारखा बारीक जंत माणसाच्या रसवाहिन्यांत राहतो आणि पाच-सात वर्षे जगतो. मादी जिवंत पिल्ले सोडते, त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. ती रक्तात फिरतात, पण आपल्या देशी जातीची पिल्ले रात्रीच बाहेर येतात. दिवसा फुप्फुसांच्या बारीक नळ्यांत दडून बसतात. गटाराच्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास रात्री चावतो, पिल्ले त्याच्या पोटात जातात, तिथे दहा-बारा दिवसांत तयार होतात आणि दुसऱ्या माणसात उतरतात. एका चाव्याने काही होत नाही. महिनोन् महिने शेकडो चावे बसावे लागतात. म्हणून हा गावाचा रोग आहे, एकट्या-दुकट्याचा नव्हे.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट लोकांना उलटीच माहीत असते. ज्याचा पाय हत्तीसारखा झाला आहे, त्याच्या रक्तात बहुधा पिल्ले उरलेलीच नसतात. त्याच्यापासून कोणाला रोग होत नाही. रोग पसरतो तो धडधाकट दिसणाऱ्या माणसाकडून. ज्याला ताप नाही, सूज नाही, काही नाही, त्याच्याकडून. सुजलेल्या पायाच्या माणसाला लग्नाच्या पंगतीत बाजूला बसवणारे गाव, स्वतःच्या शेजारी बसलेल्या खऱ्या वाहकाला पाणी विचारत असते.

आता सरकारचा हिशेब पाहू. १९५५ मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम निघाला, तो मुख्यतः शहरांपुरता. रात्र चिकित्सालये निघाली ती शहरांत. खेड्यातला रोगी खेड्यातच सुजत राहिला. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१५ पर्यंत रोग हटवण्याचे ठरवले. २००४ पासून वर्षातून एकदा सर्वांना डीईसीच्या गोळ्या द्यायला सुरुवात झाली, पुढे जोडीला अल्बेंडाझोल आले. २०१५ गेले. २०१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पी भाषणात हत्तीरोग त्याच वर्षात संपवण्याची घोषणा झाली. ते वर्षही गेले. मग २०२१ ठरले. आता २०२७ ठरले आहे. तारखा चुकल्या याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. रोग कॅलेंडर पाहून जात नसतो. मला भीती आहे ती तारीख गाठण्याच्या घाईची. मार्चअखेर आला की कर्जवसुलीच्या कागदावर काय काय चमत्कार होतात ते आपण पाहिलेच आहे.

औषधात मात्र खरी सुधारणा झाली, हे मान्य केले पाहिजे. डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या जोडीला आयव्हरमेक्टिन दिले तर पिल्ले कितीतरी अधिक काळ नाहीशी होतात. हा तीन औषधांचा उपाय देशात प्रथम ज्या मोजक्या जिल्ह्यांत आला, त्यात आपले नागपूर होते. जानेवारी २०१९ मध्ये तिथे सुरुवात झाली. औषध चांगले आहे. माझे भांडण औषधाशी नाही. ते आहे त्यानंतरच्या मोजणीशी.

मोजणी कशी होते ते नीट समजून घ्या, कारण ती आपल्याला कोणी समजावून सांगत नाही. गोळ्यांच्या निदान पाच फेऱ्या झाल्या, प्रत्येक फेरीत एकूण लोकसंख्येतल्या किमान ६५ टक्के लोकांनी गोळ्या गिळल्या, आणि ठराविक गावांत रात्री घेतलेल्या रक्तात शंभरात एकापेक्षा कमी लोकांत पिल्ले सापडली, की जिल्हा परीक्षेला बसायला पात्र होतो. परीक्षेचे नाव संक्रमण मूल्यमापन सर्वेक्षण. साहेबलोक त्याला 'टास' म्हणतात. ही परीक्षा कोण देते? पहिली-दुसरीची पोरे. सहा-सात वर्षांच्या पोरांच्या बोटाला सुई टोचतात, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतात, दहा मिनिटांनी पट्टी वाचतात. एका परीक्षा-क्षेत्रात वीस लाखांपर्यंत लोकसंख्या असू शकते. त्यातून निवडलेल्या शाळांतली दीड-पावणेदोन हजार पोरे तपासतात. अठरा-वीसपर्यंत पोरे दोषी निघाली तरी क्षेत्र पास. गोळ्या बंद. मग दोन-तीन वर्षांनी पुन्हा तीच परीक्षा, आणि आणखी दोन-तीन वर्षांनी तिसरी. ती पास झाली की सुटलो.

पोरांनाच का तपासतात, यामागे तर्क आहे आणि तो चुकीचा नाही. गोळ्या सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या पोराच्या अंगात जंत सापडला, तर रोग अलीकडेच पसरला हे सिद्ध होते. मोठ्या माणसात सापडला तर तो जुना असू शकतो. पण हा तर्क उलटा लावून पाहा. पोरात जंत नाही म्हणजे बापात नाही, असे कुठे सिद्ध होते? शेकडो चावे बसल्यावर लागणारा रोग सहा वर्षांच्या पोरात उशिरा दिसतो. बापाच्या अंगात तो आधीपासून असतो. गावात जंत परत माजायला लागला तर त्याची खूण आधी वीस ते पन्नास वयाच्या पुरुषांत दिसेल. शाळेत ती पोचेपर्यंत गाव पुन्हा सडलेले असेल. पेपर पोरांनी लिहिला आणि त्यावर बापालाही पास करून टाकले, असा हा प्रकार.

हे माझ्या डोक्यातून निघालेले नाही. प्रशांत महासागरात अमेरिकन सामोआ नावाचा अमेरिकेच्या ताब्यातला छोटासा बेटांचा मुलूख आहे. लोकसंख्या आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी, पन्नासेक हजार. तिथला डास वेगळा, दिवसा चावणारा, रोग हाच. २००० ते २००६ सात फेऱ्या गोळ्या दिल्या. २०११ ची परीक्षा पास, २०१५ ची परीक्षा पास. दरम्यान काही संशोधकांनी मोठ्या माणसांचे रक्त तपासून सांगितले होते की काही ठरावीक वस्त्यांत जंत घट्ट बसून आहे. २०१६ मध्ये तिसऱ्या परीक्षेत मुलूख नापास झाला. त्याच वेळी घरोघर जाऊनही तपासणी केली गेली. शाळेतल्या पोरांत दोषींचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होते. आठ वर्षांवरच्या माणसांत ते सहाच्या आसपास निघाले. सारे पुन्हा पहिल्यापासून, गोळ्यांसकट. पन्नास हजार वस्तीच्या, अमेरिकेचा पैसा आणि अमेरिकेचे डॉक्टर मिळणाऱ्या मुलखात हे झाले. वीस लाखांच्या परीक्षा-क्षेत्रात, जिथे आरोग्यसेवक तीन-तीन गावांना एक, तिथे काय होईल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

उलट बाजूचे उदाहरणही द्यायला हवे, नाहीतर मी फक्त भीती घालतो असे व्हायचे. श्रीलंकेत डास आपलाच, क्युलेक्स. २००२ ते २००६ पाच फेऱ्या दिल्या आणि थांबवल्या. त्यांच्याकडे १९४७ पासून हत्तीरोगाचे स्वतंत्र खाते आहे. गोळ्या थांबल्या म्हणून त्यांनी ते खाते गुंडाळले नाही. रात्रीचे रक्त घेणे चालू ठेवले. शिवाय संशोधकांनी डास पकडून, त्यांच्या पोटात जंताचा अंश आहे का हे तपासले. तेव्हा दिसले की परीक्षा पास झालेल्या भागातही, विशेषतः गॉल जिल्ह्याच्या किनाऱ्याकडे, जंत फिरतोच आहे. कळले म्हणून तिथे नेमके रोगी शोधून उपचार करता आले. २०१६ मध्ये श्रीलंकेला रोगमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. बांगलादेशाला २०२३ मध्ये मिळाले. म्हणजे हे होण्यासारखे आहे, आणि श्रीमंत देशालाच जमते असेही नाही. श्रीलंकेने पास झाल्यावरही बघायचे सोडले नाही, हे ध्यानात घ्या.

शेतीच्या भाषेत सांगायचे तर हे आपल्याला नवे नाही. गुलाबी बोंडअळी आठवा. २००२ मध्ये बीटी कापूस आला, २००६ मध्ये दोन जनुकांचा आला, आणि काही वर्षे बोंडात अळी दिसेना. अळी दिसेना म्हणून सापळे लावणे बंद झाले. थैलीबरोबर येणारी १२० ग्रॅमची बिगर-बीटीची पुडी बांधावर जाऊन पडली. कंपनीने सांगितले नाही, कृषी खात्याने विचारले नाही. २०१० मध्ये गुजरातेत पहिल्या जनुकाला अळी पचवते हे उघड झाले, नंतर तिकडेच दुसऱ्यालाही. २०१७ मध्ये यवतमाळपासून सारी पऱ्हाटी किडली तेव्हा सगळे एकाच सुरात म्हणाले, अळी अचानक आली. अळी अचानक येत नसते. एकरी दोन कामगंध सापळे लावले असते, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग पडतात का ते मोजले असते, तर तिने येण्याआधी निरोप दिला असता. आपण निरोप घेणेच बंद केले होते.

सरासरीचे पाप तर त्याहून जुने. चाळीस एकरांच्या पट्ट्यात तिरपे चालत वीस झाडे पाहिली आणि सरासरी काढली, तर नाल्याकडच्या अर्ध्या एकरात माजलेली कीड कागदावर कुठेच दिसत नाही. म्हणून कृषी पदवीच्या पहिल्याच वर्षी शिकवतात की बांध वेगळा बघा, सखल भाग वेगळा बघा. हत्तीरोग अगदी असाच ठिपक्या-ठिपक्यांनी राहतो. एका वस्तीत पाच टक्के, शेजारच्या गावात शून्य. जिल्ह्याची सरासरी काढली की दोन्ही गावे निरोगी. जिथे गटार गावाबाहेर न जाता गावातच मुरते, जिथे शौचालयाच्या टाकीच्या नळीला जाळी नाही आणि तिथूनच डासांची पैदास होते, जिथली माणसे दिवसभर शिवारात किंवा जिनिंगला असतात, तिथे हा ठिपका असतो. तो कुठे आहे हे वीस लाखांच्या क्षेत्रातल्या तीसेक शाळा सांगू शकत नाहीत. गावातली आशा सांगू शकते. तिला कोणी विचारले तर.

इथे आपल्याच अंगणात थोडी झाडझूड करतो. गोळ्या वाटायला माणूस येतो तेव्हा आपण काय करतो? तो येतो सकाळी दहाला; आपण आठलाच शेतात. घरात म्हातारी असते. ती पाच माणसांच्या गोळ्या पदरात घेते आणि कोनाड्यात ठेवते. रजिस्टरवर पाच खुणा होतात. कोनाड्यातल्या गोळ्या पुढच्या दसऱ्याला घर सारवताना सापडतात. आणि समोर गाठ पडलीच तर उत्तर ठरलेले असते, "मले काय झालं? धडधाकट हावो मी, गोया कायले खाऊ?" धडधाकट असणे हीच या जंताची लपायची जागा आहे, हे वर सांगितलेच. गोळ्यांनी ताप आला, चक्कर आली, म्हणून गावेच्या गावे बिथरतात. पण डीईसी घेतल्यावर ताप-डोकेदुखी होते ती बहुतेक अंगातली पिल्ले मरतात म्हणून. ज्याला त्रास झाला त्याला गोळीची सर्वांत जास्त गरज होती. हे वाटणाऱ्याने आधी सांगितले पाहिजे, उपाशीपोटी देऊ नये, गरोदर बाईला, दोन वर्षांखालच्या पोराला आणि फार आजारी माणसाला देऊ नये. आणि रात्री त्रास झाला तर फोन उचलणारा माणूस असला पाहिजे. ही सरकारची जबाबदारी. पण गिळणे ही आपली. सरकारवरचा राग गोळी फेकून काढला तर सरकारचे काडीचे बिघडत नाही. वाटप शंभर टक्के झाले असे लिहून ते मोकळे होते. उलट, ६५ टक्क्यांचा तो आकडा खोटा ठरवण्याचा आपला हक्क आपणच खुणा करू देऊन घालवतो.

कारण सगळा डोलारा त्या आकड्यावर उभा आहे. वाटलेल्या गोळ्या आणि गिळलेल्या गोळ्या यांत मोठे अंतर पडते, हे या कार्यक्रमातलेच लोक मान्य करतात. म्हणून तर 'समोर गिळवा' असा हुकूम निघाला. ज्यांनी गिळल्या नाहीत ते कोण, याचेही उत्तर सर्वांना माहीत आहे. बाया आणि पोरे घरी सापडतात. सापडत नाही तो शिवारातला, कामाला परगावी गेलेला पुरुष. वर्षामागून वर्षे तोच तो माणूस सुटतो. आणि मग गोळ्या थांबवायच्या की नाही हे ठरवताना ज्याला तपासत नाहीत तोही नेमका तोच. औषधातूनही सुटला आणि तपासणीतूनही सुटला. यालाच मी तजवीज म्हणतो. कोणी मुद्दाम केली असे माझे म्हणणे नाही. पण जंताने स्वतः बसून आखली असती तरी याहून बरी आखता आली नसती.

परगावच्या मजुरांविषयी एक गोष्ट आत्ताच स्पष्ट करतो, कारण बैठकीत कोणीतरी हे बोलणारच. वेचणीला, जिनिंगला बाहेरची माणसे येतात, रोग तेच आणतात, असे म्हणून हात झटकू नका. आपलीही माणसे तेलंगणात जातात, छत्तीसगडात जातात, पुण्याला जातात. तिकडेही कोणीतरी असेच बोट आपल्याकडे दाखवत असेल. जिनिंगच्या आवारात जो कोणी काम करतो, तो कुठल्याही गावचा असो, त्याची तपासणी आणि उपचार तिथेच झाले पाहिजेत.

यावर अधिकाऱ्यांचे पहिले उत्तर ठरलेले आहे: रात्री रक्त घ्यायला कोण जाणार? रात्री साडेआठनंतर गावात जाऊन बोटातून रक्त घेणे, काच रंगवणे, सूक्ष्मदर्शकाखाली बघणे हे कष्टाचे काम आहे, आणि ते डोळे तयार झालेले जुने कर्मचारी निवृत्त झाले की नवे तयार होत नाहीत. खरे आहे. पण पट्टीला रात्र लागत नाही! पोरांना शाळेत जी पट्टी वापरता तीच दिवसाढवळ्या मोठ्या माणसाला चालते. मग ती जिनिंगवर, आठवडी बाजारात, कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगेत का वापरत नाही? रांगेत आम्ही दोन-दोन दिवस उभे असतोच; दहा मिनिटे तुमच्यासाठी. पट्टीवर रेघ उमटली तर तेवढ्याच माणसांचे रात्रीचे रक्त घ्या. पिल्ले सापडली तर बारा दिवसांचा डीईसीचा उपचार द्या, आणि त्याच्या घराभोवतीची घरे तपासा. हजार गावांत रात्री फिरावे लागणार नाही.

दुसरे उत्तर असेल की जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमात हे बसत नाही. मग नियम तरी नीट वाचा. तीन औषधे दिलेल्या भागांत गोळ्या थांबवायच्या का हे ठरवताना त्याच संघटनेने पोरांऐवजी २० वर्षांवरची माणसे तपासायला सांगितले आहे. का? कारण अशा ठिकाणी उरलासुरला जंत मोठ्यांतच सापडतो, हे अनुभवाने कळले. तीन औषधांच्या जिल्ह्यातल्या बापाचे रक्त महत्त्वाचे आणि दोन औषधांवर पास होऊन बसलेल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या बापाचे बिनमहत्त्वाचे, हा कुठला न्याय? जंताला जिल्ह्याची हद्द कळत नाही.

खर्चाचे रडगाणे तर ऐकूनच घेऊ नका. वर्षानुवर्षे लाखो लोकांना गोळ्या, गाड्या, फलक, उद्घाटने, यावर खर्च झाला तो वाया जाऊ नये म्हणून ही राखण आहे. पीक हाताशी आल्यावर जागलीचा खर्च वाचवणारा शेतकरी मी तरी पाहिला नाही.

आणि ज्यांचे पाय सुजून गेलेच आहेत त्यांचे काय? गोळ्या बंद झाल्या की मोहिमेचा माणूस येत नाही, आणि मोहिमेचा माणूस येत नाही म्हणजे या रोग्यांना विचारणारे कोणी उरत नाही. या रोग्यांना पावसाळ्यात, ऐन निंदणाच्या दिवसांत, वरचेवर ताप भरतो, पाय लाल होतो, चार-पाच दिवस अंथरूण सुटत नाही. हा ताप बहुतेक वेळा जंताचा नसतो. बोटांच्या बेचक्यांतल्या चिरांमधून शिरलेल्या जिवाणूंचा असतो. रोज साबणाने पाय धुणे, बेचक्या कोरड्या करणे, चिरेला मलम लावणे, बसताना पाय वर ठेवणे, अनवाणी न जाणे, एवढ्याने हे हल्ले कितीतरी कमी होतात. अंडवृद्धी तर शस्त्रक्रियेने बरी होते. लाजेपायी वर्षानुवर्षे धोतराखाली लपवण्याची गरज नाही. ही सेवा देणे सरकारच्या मर्जीवर नाही. देशाला रोगमुक्तीचे प्रमाणपत्र हवे असेल तर रोग्यांची यादी आणि त्यांना मिळणाऱ्या सेवेचा पुरावाही द्यावा लागतो. म्हणजे आपल्या गावातला सुजलेला पाय हा त्या २०२७ च्या प्रमाणपत्रावरचा आपला दावा आहे. तो सोडू नका.

जिल्हा बैठकीत मी या विषयावर ठराव मांडणार आहे. त्यात तीन मागण्या आहेत. गोळ्या थांबलेल्या प्रत्येक तालुक्यात दरवर्षी वीस वर्षांवरच्या पुरुषांची आणि बायांची पट्टीने तपासणी व्हावी, आणि गावे निवडताना आशा आणि ग्रामसभेला विचारावे. निदान संशयाच्या वस्त्यांत डास पकडून तपासावेत; पुदुच्चेरीला केंद्र सरकारची डासांवरच काम करणारी संशोधन संस्था १९७५ पासून आहे, तिचे ज्ञान आपल्या नालीपर्यंत येऊ द्या. आणि जे काही सापडेल ते गावाच्या नावानिशी ग्रामसभेत वाचून दाखवावे, माणसाच्या नावानिशी मात्र नव्हे.

ठराव नुसत्या टाळ्यांनी मंजूर होऊ नये म्हणून एक काम. प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्याने तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात आत्ताच अर्ज टाकावा आणि उत्तर घेऊनच बैठकीला यावे. तालुक्यात गोळ्यांची शेवटची फेरी कोणत्या साली झाली. त्या फेरीत किती जणांनी समोर गिळल्या, वाटल्या किती ते नको. परीक्षा कोणत्या साली झाली, तालुक्यातल्या कोणत्या शाळांत झाली आणि किती पोरे दोषी निघाली. त्या पोरांच्या घरच्यांचे रक्त पुढे कोणी तपासले का. आणि गेल्या तीन वर्षांत तालुक्यात रात्रीचे रक्त किती जणांचे घेतले. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर अर्जाची पोच घेऊन या. तीही बैठकीत वाचू.